पायथनमध्ये लिस्ट छापताना रिकामी मूल्ये वगळा, पण शून्य राखा

लिस्टमधली रिकामी मूल्ये न छापण्यासाठी सगळीकडे एकच सल्ला मिळतो: फॉर लूपमध्ये ‘इफ एक्स’ लिहा, झाले. नावांच्या यादीला हे चालते. आकड्यांच्या यादीत मात्र यामुळे खरी माहिती गायब होते, आणि पायथन कसलीही एरर देत नाही.

खालच्या कोडमध्ये पायथनचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. ते आणि अंक तुम्ही रोमन लिपीतच टाइप करा. व्हेरिएबलची नावे देवनागरीत ठेवली तरी पायथन ३ ती स्वीकारते.

उदाहरणाला एका तालुक्याची रोजची पावसाची नोंद घेऊ, मिलिमीटरमध्ये:

पाऊस = [१२, ०, नन, '', '  ', ०, ४]

प्रथम ठरवायचे ते हे, की यात रिकामे काय? शून्य म्हणजे पर्जन्यमापक पाहिला आणि पाऊस नव्हता. नन म्हणजे नोंदच नाही. ‘इफ’ हा फरक करत नाही. नन, फॉल्स, शून्य, रिकामी स्ट्रिंग (म्हणजे अक्षरे नसलेला मजकूर), रिकामी लिस्ट, रिकामी डिक्शनरी हे सगळे त्याच्या लेखी खोटेच. ‘इफ’ने गाळले तर दोन्ही कोरडे दिवस उडतात आणि आकड्यांची सरासरी ४ ऐवजी ८ येते. उलट दोन स्पेस असलेली स्ट्रिंग ‘इफ’ला खरी वाटते, म्हणून ती छापली जाते. म्हणजे जे राखायचे ते गेले आणि जे काढायचे ते राहिले. ‘फिल्टर(नन, पाऊस)’ ही लोकप्रिय युक्तीही आतून हेच करते. आकडे असतील तिथे ती वापरू नका.

यावर उपाय म्हणून लोक ‘एक्स नॉट इन (नन, '', फॉल्स)’ लिहितात. त्यातला फॉल्स घातक आहे. पायथनमध्ये शून्य आणि फॉल्स समान धरले जातात, त्यामुळे शून्य पुन्हा बाहेर जाते. फक्त ‘(नन, '')’ लिहिले तर शून्य सुरक्षित राहते. ‘इफ एक्स != '' ऑर एक्स != नन’ ही अटही सर्रास दिसते आणि ती काहीच गाळत नाही, कारण कोणतेही मूल्य त्या दोनपैकी एकापेक्षा तरी वेगळे असतेच. तिथे ‘अँड’ हवा. आणि रिकाम्या स्ट्रिंगची तुलना ‘इज’ने करू नका. पायथन ३.८ पासून त्यावर सिंटॅक्स वॉर्निंग येते. ‘इज’ फक्त ननसाठी ठेवा.

म्हणून रिकामेपणाची व्याख्या एका फंक्शनमध्ये लिहा आणि सगळीकडे तेच वापरा:

डेफ रिकामे(मूल्य):
    इफ मूल्य इज नन:
        रिटर्न ट्रू
    इफ इजइन्स्टन्स(मूल्य, स्ट्र):
        रिटर्न मूल्य.स्ट्रिप() == ''
    रिटर्न मूल्य != मूल्य

शेवटची ओळ चुकीची नाही. गणन करताना किंवा पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीमधून आलेला नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ असे सांगणारा फ्लोट (दशांश प्रकारचे मूल्य), स्वतःशीही समान नसतो, म्हणून ही तुलना त्याला नेमका पकडते. ‘इफ’च्या चाळणीतून नॅन बिनदिक्कत पुढे जातो, कारण तो खरा धरला जातो. मॅथ मोड्यूलमधले ‘इजनॅन’ वापरायला हरकत नाही, पण त्याला स्ट्रिंग दिली की टाइप एरर येते.

डेटा कुठून आला यावरही बरेच अवलंबून आहे. सीएसव्ही रीडर मुळात सगळे स्ट्रिंग म्हणून देतो. तिथे रिकामा रकाना म्हणजे '' आणि शून्य म्हणजे '०' ही स्ट्रिंग, जी खरी धरली जाते. ओळी डिक्शनरीच्या रूपात देणाऱ्या डिक्ट रीडरमध्ये ओळ अपुरी असेल तर उरलेल्या रकान्यांना नन मिळतो. एसक्यूलाइट डेटाबेसमधला नल आणि एक्सेल फाइल वाचणाऱ्या ओपनपायएक्सएलमधला रिकामा सेल, दोन्ही ननच. सरकारी तक्त्यांत ‘निरंक’ लिहिलेले असते, ते रिकामे समजू नका. ते भरलेले उत्तर आहे.

स्ट्रिप करूनही एखादी ओळ कोरीच छापली जात असेल तर ते मूल्य ‘रिप्र’ने छापून पाहा, म्हणजे लपलेली चिन्हे दिसतील. स्ट्रिप दोन्ही टोकांच्या साध्या स्पेस, टॅब आणि नॉन-ब्रेकिंग स्पेस काढते. झीरो विड्थ स्पेस, झीरो विड्थ जॉइनर आणि फाइलच्या सुरुवातीचा बीओएम ही अदृश्य चिन्हे मात्र काढत नाही. बीओएमसाठी फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. जॉइनर सरसकट रिप्लेस करून काढा असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मराठी मजकुरात ‘र’चे अर्धे रूप पुष्कळदा जॉइनरनेच टाइप केलेले असते आणि तो काढला की ‘सुऱ्या’सारखे शब्द ‘सुर्या’ होतात. ही चिन्हे स्ट्रिपच्या कंसात देऊन फक्त टोकांची काढा, तीही तपासणीपुरती.

आता गाळणे. एकच ओळ:

उरलेले = [न फॉर न इन पाऊस इफ नॉट रिकामे(न)]

मूळ लिस्टवर लूप चालवत त्यातूनच ‘रिमूव्ह’ करू नका. एक घटक काढला की पुढचे सगळे एक जागा मागे सरकतात आणि लूप मात्र पुढच्या जागेवर जातो. त्यामुळे लागोपाठ दोन रिकामी मूल्ये असतील तर दुसरे तसेच राहून जाते.

छापणे सोपे: प्रिंट(*उरलेले). प्रत्येक मूल्य नव्या ओळीवर हवे असेल तर प्रिंटच्या सेपला, म्हणजे मूल्यांमधल्या विभाजकाला, नव्या ओळीचे चिन्ह द्या. स्वल्पविरामाने जोडताना ‘जॉइन’ला आकडे चालत नाहीत, म्हणून ‘मॅप(स्ट्र, उरलेले)’ द्यावे लागते. मात्र क्रम पाळा: आधी गाळा, मग स्ट्र करा. उलट केले तर ननची चार अक्षरी स्ट्रिंग होते आणि ती कोणत्याच चाळणीत अडकत नाही.

अनुक्रमांक ‘एन्यूमरेट’ने देताना तो मूळ लिस्टला लावला तर मधले क्रमांक तुटतात, ‘उरलेले’ला लावला तर सलग येतात. तारखांशी मेळ घालायचा असेल तेव्हा तुटलेलेच बरोबर.

सगळीच मूल्ये रिकामी निघाली तर प्रिंट एक कोरी ओळ छापते. ती नको असेल तर आधी ‘इफ उरलेले’ तपासा. लिस्टमध्ये काही उरले का एवढेच इथे विचारायचे असल्याने नुसता ‘इफ’ योग्य आहे.