रोज बाळगण्यासाठी परवडणारे पिस्तूल कसे निवडावे: नागपूरकर परवानाधारकांसाठी

शस्त्र परवाना हाती पडला की बहुतेक जण थेट दुकानाची वाट धरतात आणि तिथे गेल्यावर कोणते पिस्तूल देखणे आहे, याची चर्चा सुरू होते. त्याआधी परवान्याचे पान शांतपणे वाचावे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत नागपूर शहरात हा परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, तर काटोल, रामटेक, उमरेड अशा ग्रामीण भागात तो जिल्हाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे असते. परवान्यावरील दोन नोंदी तुमची निवड ठरवतात: कोणत्या प्रकारचे शस्त्र मंजूर आहे आणि ते कोणत्या क्षेत्रात बाळगता येते. दुसरी नोंद नागपूरकरांनी विशेष बारकाईने पाहावी, कारण आपल्याकडे राज्याची हद्द जवळ आहे. सावनेर ओलांडून सौंसरकडे किंवा देवलापारवरून सिवनीकडे धंद्यानिमित्त नेहमी जाणाऱ्याचा परवाना केवळ महाराष्ट्रापुरता असेल, तर हद्द ओलांडताच कमरेचे पिस्तूल बेकायदा ठरते. ज्याला वारंवार पलीकडे जावे लागते, त्याने क्षेत्रविस्ताराचा अर्ज आधी करावा आणि खरेदीचा विचार नंतर करावा.

बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या बाबतीत फारसा पर्याय नाही. ९ एमएम आणि .४५ हे परदेशी चित्रपटांतून ओळखीचे झालेले बोअर सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहेत. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात (ट्रिगर दाबल्यावर एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप चढते) आपल्या वाट्याला व्यवहारात .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) म्हणजे ७.६५ मिमीचे काडतूस येते. .२२ आणि .२५ ची पिस्तुलेही आढळतात, पण रोज बाळगण्यासाठी .३२ च घ्यावे, असे माझे मत आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले हे काडतूस १८९९ साली बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या पिस्तुलाबरोबर बाजारात आले. त्याची गोळी साधारण ४.६ ग्रॅम वजनाची असते आणि नळीतून बाहेर पडताना तिची ऊर्जा पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे ९ एमएमच्या जेमतेम एक तृतीयांश. हे काडतूस दुबळे आहे, यात शंका नाही. त्याच्या बदल्यात धक्का सौम्य बसतो आणि मध्यम हाताच्या माणसालाही दुसरी, तिसरी गोळी त्याच जागी लावता येते.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. आपल्याकडे ‘बत्तीस बोअर’ म्हणून दोन वेगळी काडतुसे चालतात. रिव्हॉल्व्हरसाठी .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग वापरतात आणि पिस्तुलासाठी .३२ एसीपी. दोन्हींची लांबी आणि कडेची घडण वेगळी असल्यामुळे एकाच्या जागी दुसरे चालत नाही. काउंटरवर केवळ ‘बत्तीसची द्या’ असे न म्हणता पिस्तुलाची की रिव्हॉल्व्हरची, हे स्पष्ट सांगावे आणि डबीवरचे नाव स्वतः वाचावे.

परवडणारे म्हणजे किती

आपल्या देशात पिस्तुलाची किंमत आणि त्याचा दर्जा यांचा सरळ संबंध राहिलेला नाही. सामान्य नागरिकासाठी परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली. त्यामुळे त्यापूर्वी देशात आलेली वॉल्थर, कोल्ट, ब्राउनिंग, वेब्ली अँड स्कॉट या कंपन्यांची पिस्तुले तेवढीच हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती दुर्मीळतेने चढल्या. पन्नास-साठ वर्षे जुने वॉल्थर पीपी आज नव्या देशी पिस्तुलाच्या कितीतरी पट दराने विकले जाते. त्या पैशात नाव आणि हौस यांचा वाटा मोठा असतो. संग्रहाची आवड असेल, तर त्यात गैर काही नाही. पण ज्याला रोज कमरेला लावायचे आहे, पावसाळ्यात भिजवायचे आहे आणि सरावात झिजवायचे आहे, त्याने त्या मोहात पडू नये.

नव्या देशी शस्त्रांत सरकारी आयुध निर्माणीचे .३२ ‘अशनी’ पिस्तूल सर्वांत परिचित आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि लहान शस्त्रांचा कारभार कानपूरच्या कंपनीकडे गेला. (आपल्या अंबाझरीला मुख्यालय असलेली यंत्र इंडिया ही त्या सातांपैकीच एक, पण ती पिस्तुले करत नाही, हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो.) आता परवाना मिळालेले खासगी उत्पादकही या बाजारात उतरले आहेत. देशी शस्त्रांची घडाई आणि पॉलिश यांबद्दल नाके मुरडली जातात आणि त्यात थोडे तथ्यही आहे. तरीही नवी नळी, नवी स्प्रिंग, मिळणारे सुटे भाग आणि उत्पादकाची जबाबदारी या चार गोष्टी जुन्या परदेशी पिस्तुलाबरोबर मिळत नाहीत, म्हणून मर्यादित खर्चात मी नव्याकडेच कौल देतो.

हिशेब करताना केवळ छापील किंमत धरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे, म्हणजे एक लाखाच्या शस्त्रावर चाळीस हजारांचा कर पडतो. मित्राकडून दोन वर्षांपूर्वी ऐकलेला दर म्हणूनच आज कामाचा नाही. त्याशिवाय दुसरे मॅगझिन (काडतुसे भरण्याची सुटी पेटी), चांगले होल्स्टर (पिस्तूल ठेवण्याचे म्यान), घरी भिंतीत किंवा जमिनीत ठोकून बसवलेली लहान तिजोरी, सफाईचे साहित्य आणि सरावाची काडतुसे यांसाठी एकूण रकमेचा निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. सगळे पैसे पिस्तुलात घालून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बाळगणारे लोक मी पाहिले आहेत. ते पिस्तूल त्यांना कधीही परवडलेले नव्हते, असे मी म्हणेन.

हाताला काय पटते

दुकानात पिस्तूल हाती घेण्यापूर्वी विक्रेत्याने ते रिकामे करून दाखवायला हवे आणि नंतर तुम्हीही तपासायला हवे. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीचे टोक घालून ते रिकामे असल्याची खात्री करायची. हा क्रम उलटा झाला, तर मॅगझिनमधील पुढचे काडतूस चेंबरमध्ये चढते. नळी सतत जमिनीकडे किंवा भिंतीसारख्या निर्धोक दिशेला आणि बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, हे काउंटरवरही पाळावे. जो विक्रेता हे पाळत नाही, त्याच्याकडून शस्त्र घेऊ नये.

.३२ ची बहुतेक पिस्तुले ब्लोबॅक पद्धतीची असतात. त्यांत स्लाइडला अडवून धरणारी कुलूपरचना नसते. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच सगळे चालते. म्हणून काडतूस हलके असूनही स्प्रिंग चांगलीच कडक असते आणि पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटते. डाव्या हाताचा पंजा स्लाइडवर वरून घट्ट बसवून उजवा हात पुढे ढकलावा आणि स्लाइड शेवटपर्यंत मागे जाते का, ते पाहावे. चार-पाच वेळा सलग केल्यावर अंगठ्याजवळ दुखू लागले किंवा स्लाइड अर्ध्यावर निसटली, तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही स्वस्त असो. ज्यांच्या मनगटात किंवा बोटांत जोर कमी आहे, त्यांनी रिव्हॉल्व्हरचा विचार करण्यात कमीपणा मानू नये. २०१४ साली कानपूरहून आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर साधारण ५०० ग्रॅमचे होते आणि त्याला स्लाइड ओढण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती.

पुढे पकड पाहावी. तिन्ही बोटे मुठीवर बसतात का, तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज पोहोचते का, सेफ्टी (गोळी सुटू न देणारी खटकी) अंगठ्याने पकड न मोडता खाली करता येते का, आणि स्लाइड मागे येताना अंगठा व तर्जनी यांमधली कातडी तिच्याखाली सापडेल इतका हात वर तर सरकत नाही ना, हे तपासावे. वॉल्थर पीपीके हे लहान पिस्तूल जितके मोहक दिसते, तितकेच ते मोठ्या पंजाच्या माणसाचे हात ओरखडते. लहान नळी लपवायला सोपी असते, पण तिने नेम धरणे अवघड असते. पीपीकेची नळी ८३ मिमी आणि पीपीची ९८ मिमी आहे. त्या दीड सेंटिमीटरचा फरक कमरेला क्वचितच कळतो, पण निशाण्यावर कळतो.

सेकंड हँड घेणेच भाग असेल, तर नळीच्या चेंबरकडील टोकाशी बॅटरीचा उजेड टाकून आतून पाहावे. गंजाचे बारीक खड्डे तिथे पडलेले असू शकतात. मॅगझिनचे ओठ, म्हणजे तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा, वाकलेले किंवा ठोकून सरळ केलेले असतील, तर पिस्तूल अडकणार हे गृहीत धरावे, आणि जुन्या परदेशी पिस्तुलाचे अस्सल मॅगझिन मिळणे सोपे नसते. .३२ एसीपीच्या काडतुसाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐनवेळी बंद पडते. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस आधीच्याच्या किंचित पुढे बसले आहे, याकडे लक्ष दिले की हा धोका बराच कमी होतो. शस्त्राच्या चौकटीवरील क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यातील नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. खोडलेला, पुन्हा कोरलेला किंवा अस्पष्ट क्रमांक असलेले शस्त्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

बाळगण्याचा प्रश्न

शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरसारख्या आवरणात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असलेले हवे. डिकीत किंवा खिशात मोकळे ठेवणे हा म्हणूनच पर्याय नाही. नागपूरचा मे महिना या नियमाची परीक्षा पाहतो. पारा पंचेचाळिशीपार गेलेला असताना जाकीट घालता येत नाही आणि पातळ सुती शर्टातून पिस्तुलाची मूठ उमटते. आरशासमोर सरळ उभे राहून ते कळत नाही. ॲक्टिव्हावर बसल्यावर शर्ट पाठीवर ताणला जातो, तेव्हा कळते. म्हणून रुंदीने बारीक पिस्तूल, शर्ट बाहेर ठेवण्याची सवय आणि जाड, दोन पदरी कमरपट्टा हे तिन्ही एकत्र जुळवावे. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारे आणि रिकामे असताना चपटे न होणारे असावे. सैलसर कापडी होल्स्टर स्वस्त मिळते, पण पिस्तूल परत ठेवताना त्याची घडी ट्रिगरमध्ये शिरू शकते.

चेंबरमध्ये काडतूस ठेवून बाळगावे की रिकामे, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. जुन्या घडणीच्या अनेक .३२ पिस्तुलांत पडल्यावर फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी सुई) अडवणारी रचना नसते. असे पिस्तूल टाइल्सच्या फरशीवर पडले तर त्यातून आपोआप गोळी सुटू शकते. ज्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत अशी रचना असल्याचे स्पष्ट लिहिलेले नाही, ते चेंबर रिकामे ठेवूनच बाळगावे.

परवान्यावर काडतुसांचा कोटा असतो आणि तो सरावाला अपुरा पडतो, ही खरी अडचण आहे. म्हणून घरी दारू नसलेल्या डमी काडतुसांवर स्लाइड, सेफ्टी आणि ट्रिगर यांचा सराव करावा, तोही खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून. नेमबाजीच्या परवानाप्राप्त रेंजवर मात्र प्रत्यक्ष बाळगायचीच काडतुसे निदान दोन मॅगझिन न अडकता चालली पाहिजेत. त्याशिवाय ते पिस्तूल कमरेला लावू नये. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि बचावासाठी आवश्यक तेवढ्याच बळापुरता तो मर्यादित आहे. रोख रक्कम घेऊन इतवारी-कळमना फिरणाऱ्या व्यापाऱ्याने ही कलमे वकिलाकडून एकदा समजून घ्यावीत.

घामातील क्षार पोलादाला गंजवतात, म्हणून उन्हाळ्यात रोज रात्री कोरडे फडके आणि आठवड्याला तेलाचा हलका हात पुरेसा होतो. होल्स्टर चामड्याचे असेल, तर पिस्तूल त्यातच ठेवून झोपू नये, कारण ओल आत साठते. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर ते रिकामे करून, नळीला आतून तेल लावून, मॅगझिन वेगळे काढून द्यावे, पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि मॅगझिनांची संख्या लिहून घ्यावी, आणि परत मिळाल्यावर सर्वांत आधी नळीतून उजेड पाहावा.