भरघोस माटोळी कशी बांधावी

'भरघोस' या शब्दात घोस आहे, फळांनी लगडलेला झुपका. गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधलेली माटोळी, फळाफुलांनी आणि भाज्यांनी भरलेली चौकट, म्हणजे हाच शब्द छताला टांगलेला. पुराणात या विपुलतेला देवीचे नाव आहे, शाकंभरी. दुर्गासप्तशतीच्या 11व्या अध्यायात देवी देवांना सांगते: शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, तेव्हा माझ्याच देहातून उगवलेल्या शाकांनी, पुन्हा पाऊस येईपर्यंत, मी साऱ्या जगाला पोसीन. शाक म्हणजे भाजीपाला आणि 'भृ' म्हणजे पोसणे, धारण करणे. म्हणून माटोळीत प्लास्टिकची फळे नकोतच, आणि सफरचंदेही नकोत असे आमचे ठाम मत आहे. या पावसाने आपल्या मातीत जे पिकवले तेच तिथे शोभते.

आधी चौकट. मखरापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठी धरा; घरातल्या गणपतीला दीड मीटर बाय एक मीटर पुरते. लाकूड, बांबू किंवा पोफळीच्या रिपा चालतात, आडव्या पट्ट्या वीत-वीत अंतरावर. दोर चारही कोपऱ्यांतून थेट वाशाला किंवा तुळईला बांधा, खोट्या छताच्या हुकाला कधीच नको. असोला, म्हणजे न सोललेला, नारळ किलो-दीड किलोचा असतो, म्हणजे 6 नारळांची पेंडच 7-8 किलो. केळ्यांचा घड त्याहून जड. त्यामुळे आदल्या दिवशी तांदळाची 25 किलोची 2 पोती चौकटीला अडकवून रात्रभर ठेवा. दोर ताणून चौकट खाली आली, तर गाठी पुन्हा बांधून परत तपासा.

मग पट्ट्या आंब्याच्या टहाळ्यांनी झाका आणि जड वस्तू आधी चढवा, त्याही कोपऱ्यांजवळ, जिथे दोर आहेत. नारळांच्या पेंडीसमोर केळ्यांचा घड, सुपारीच्या घडासमोर भोपळा, असे समोरासमोर तोलत जा. एकच बाजू भरत गेलात तर चौकट कलते आणि उरलेले सगळे घसरत येते. मूर्तीच्या बरोबर वर फक्त हलक्या वस्तू ठेवा: भेंडी, दोडकी, रानफुले.

बांधायला केवणीच्या (मुरुडशेंगेच्या) सालीचा वाक, म्हणजे धागा, सर्वांत चांगला. तासभर पाण्यात भिजवला की गाठ मारताना तुटत नाही. इथे बहुतेकांची चूक गाठीत होते. देठ दोन दिवसांत सुकून बारीक होतो, साधी गाठ सैल पडते आणि तवसे (मोठी काकडी) मध्यरात्री खाली येते. सरकफास घाला, वजन जितके ओढेल तितका तो आवळतो. फळ तोडतानाच देठ बोटभर लांब ठेवा, जमल्यास फांदीचा तुकडा आडवा राहील असा. चिबडाला देठाचा भरवसा नाही, पिकला की तो आपोआप सुटतो आणि सालही तडकते, म्हणून त्याला दोऱ्याची जाळी विणून खालून आधार द्या. केळी कच्चीच घ्या. एक घड पिकला की शेजारची फळेही भराभर पिकतात.

कांगलां, घागऱ्यो, फागलां (कर्टोली), अंबाडे या रानच्या फळा-शेंगांशिवाय माटोळी ओकीबोकी दिसते. म्हापसा, फोंडा, पणजीच्या माटोळी बाजारात ती मिळतात. रानातून आणत असाल तर एकेक झुपकाच घ्या. वाघनखीचे (कळलावीचे) फूल खुडा, कंद उपटू नका, नाहीतर पुढल्या वर्षी त्या जागी ती नसेल. वाघनखी आणि काजऱ्याची (कुचल्याची) फळे विषारी आहेत: मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर बांधा आणि उतरवल्यावर भाजीच्या टोपलीत मिसळू देऊ नका.

उतरवतानाही समोरासमोरच्या दोन वस्तू एकाच वेळी, दोघांनी मिळून काढा. नारळ, भाज्या शेजारीपाजारी वाटा. पिकलेल्या चिबडाच्या आणि पिवळ्या पडलेल्या तवशाच्या बिया मात्र धुऊन, राखेत घोळून सावलीत वाळवा, पुढल्या पावसात परसात पेरायला.