एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस : निदान आणि उपचारातील या चुका टाळा

पोट पाण्याने तट्ट फुगलेले, पायांवर सूज मात्र नाममात्र, असा रुग्ण समोर आला की यकृताच्या सिरोसिसचा किंवा पोटाच्या क्षयाचा विचार आधी होतो आणि पुढे बराच काळ तपासण्या त्याच दिशेने चालू राहतात. एंडोमायोकार्डियल फायब्रोसिसचे कित्येक रुग्ण असेच मागे पडतात. या विकारात हृदयाच्या आतल्या अस्तरावर तंतुमय ऊतींचा ताठर थर साचतो, त्यामुळे खालचे कप्पे, म्हणजे जवनिका, पुरेशा प्रसरण पावत नाहीत, आणि उजवी बाजू ग्रासलेली असल्यास मागे तुंबलेल्या रक्तामुळे जलोदर, म्हणजे पोटात पाणी साचणे, होतो. ही चूक यंत्राविनाही टाळता येते. रुग्णाला अर्धवट टेकवून बसवावे आणि मानेची शीर पाहावी; ती ठळकपणे फुगलेली असेल, तर जलोदराचे मूळ हृदयात किंवा त्याच्या बाह्य आवरणात शोधले पाहिजे.

रुग्ण कुठे वाढला, हे विचारायचे राहून जाते. जे. एन. पी. डेव्हिस यांनी १९४८ मध्ये युगांडातील रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले. नायजेरिया, मोझांबिक, ब्राझील आणि केरळचा किनारी भाग येथेही तो आढळत आला आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक इको तपासणीत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, होते. पाहणाऱ्याची नजर गळणाऱ्या झडपेवर आणि अवाढव्य झालेल्या कर्णिकेवर, म्हणजे वरच्या कप्प्यावर, खिळते, अहवालात संधिवातजन्य झडपांचा आजार असे लिहिले जाते आणि पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू होतात. खरा पुरावा जवनिकेच्या टोकाशी असतो : टोक भरून आलेले, कप्पा आक्रसलेला, झडपेला आधार देणारे तंतू थरात अडकलेले, आणि रक्त बाहेर जाण्याचा मार्ग मात्र बहुधा मोकळा. टोकाशी गुठळी दिसली आणि तरीही तिथला स्नायू उत्तम आकुंचन पावत असेल, तर या विकाराची शंका घेतलीच पाहिजे, कारण एरवी गुठळी हालचाल मंदावलेल्या भिंतीवर धरते. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे जवनिकेतील रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर फेकला जाणारा भाग, सामान्य आल्याने हृदय निरोगी ठरत नाही. येथे दोष मुख्यतः भरण्यात आहे, पंप करण्यात नाही. टोकाचा स्नायूच जाड होण्याचा आनुवंशिक विकार आणि बाह्य आवरण आवळले जाण्याचा आजार यांच्याशी गल्लत होत असेल, तर गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचे रंगद्रव्य देऊन हृदयाचा एमआरआय करावा. बायोप्सीचा, म्हणजे ऊतीचा तुकडा काढून तपासण्याचा, आग्रह सहसा नको, कारण विकार ठिगळांसारखा विखुरलेला असल्याने नमुना निर्दोष येऊ शकतो आणि गुठळी सुटण्याचा धोका वेगळाच.

रक्तातील इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी सामान्य आल्या म्हणून निदान खोडून काढू नये. जुनाट अवस्थेत त्या बहुधा सामान्यच असतात. याउलट त्या सातत्याने १५०० प्रति मायक्रोलिटरच्या वर असतील, तर कारणाचा शोध तातडीने घ्यावा, कारण त्या टप्प्यात स्टेरॉइडचा आणि ठराविक जनुकीय दोष सापडल्यास इमॅटिनिब या औषधाचा उपयोग होतो. स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी स्ट्राँगिलॉइड्स या कृमीचा संसर्ग तपासणे किंवा त्यावर आधी आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक देणे विसरणे जीवघेणे ठरू शकते. पूर्ण मुरलेल्या थरावर मात्र स्टेरॉइडचा मारा करण्यात अर्थ नाही.

उपचारात अतिउत्साह नडतो. लघवी वाढवणारी औषधे आवश्यक आहेत, पण ताठर जवनिकेला भरण्यासाठी दाब लागतो. पाणी घाईने काढले की रक्तदाब आणि मूत्रपिंडे दोन्ही कोसळतात. नाडीचेही तसेच आहे : प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त मर्यादित असल्याने बीटा ब्लॉकर या ठोके मंदावणाऱ्या औषधाने ते फार मंद केल्यास थकवा वाढतो. गुठळी किंवा एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची अनियमित थरथर) असेल तर रक्त पातळ ठेवणारे औषध टाळू नये. मात्र तुंबलेल्या यकृतामुळे वॉरफरिन या अशा औषधाचा परिणाम अनपेक्षितपणे वाढतो, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे याचे मोजमाप, वारंवार तपासावा.

शस्त्रक्रियेचा विचार अगदी शेवटी करणे ही माझ्या मते सर्वांत दुर्दैवी दिरंगाई होय. तंतुमय थर सोलून काढणे आणि झडप दुरुस्त करणे किंवा बदलणे ही शस्त्रक्रिया जोखमीचीच आहे, परंतु शरीर खंगल्यावर आणि यकृत कायमचे बिघडल्यावर ती जोखीम आणखी वाढते. म्हणून लक्षणे औषधांनी आटोक्यात राहत नाहीत असे दिसताच, अनुभवी केंद्राकडे रुग्णाला पाठवावे. थर सोलताना हृदयातील विद्युतवाहिनीला इजा होऊन पेसमेकर लागू शकतो, हे नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगावे, आणि थर पुन्हा साचू शकत असल्याने नंतरची इको तपासणी थांबवू नये.