अमेरिकेची रोमशी तुलना कशी करावी

अमेरिका म्हणजे आजचे रोम, हे विधान वर्तमानपत्री लेखांत, वक्तृत्व स्पर्धांत आणि स्पर्धा परीक्षांच्या निबंधांत इतक्या वेळा येते की ते तपासून पाहायला हवे याचाच विसर पडतो. तुलना करण्यात गैर काहीच नाही. उलट इतिहासाच्या अभ्यासात तिच्याइतके उपयोगी साधन क्वचितच सापडेल. मात्र ती पद्धतशीर केली नाही, तर आपल्या मनात आधीच ठरलेले उत्तर रोमच्या तोंडून वदवून घेतल्यासारखे होते.

सर्वप्रथम आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘अमेरिकेचा ऱ्हास रोमसारखा होईल का’ हा प्रश्न घेऊ नये, कारण त्याचे उत्तर कोणत्याही पुराव्याने देता येत नाही. ‘सैन्याचा खर्च उत्पन्नाला झेपेनासा झाला की राज्यकर्ते तो कसा भागवतात’ किंवा ‘मित्रराष्ट्राने साथ सोडायची ठरवली तर बलाढ्य राष्ट्र काय करते’ हे प्रश्न मात्र तपासता येतात. एका लेखात असा एकच प्रश्न नीट हाताळला तरी पुष्कळ झाले.

त्यानंतर काळ निश्चित करावा, कारण रोम हे एकच एक नाही. परंपरेनुसार प्रजासत्ताकाची सुरुवात इ.स.पू. ५०९ ची, पश्चिमेकडील साम्राज्याचा शेवट इ.स. ४७६ चा आणि पूर्वेकडील साम्राज्याचा शेवट १४५३ चा. सत्तास्पर्धेत घटनात्मक संकेत कसे मोडतात हे पाहायचे असेल, तर प्रजासत्ताकाचे शेवटचे शतक घ्यावे : इ.स.पू. १३३ मध्ये लोकनियुक्त अधिकारी टायबेरियस ग्रॅकसची हत्या, इ.स.पू. ८८ मध्ये सेनापती सुल्लाने स्वतःच्याच राजधानीवर केलेली चाल, इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने कायदा मोडून सैन्यासह ओलांडलेली इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी. परंतु याच शतकात सीझरने गॉल (आजच्या फ्रान्सचा प्रदेश) जिंकले आणि त्यानंतर काही वर्षांतच, इ.स.पू. ३० मध्ये, इजिप्तही रोमच्या ताब्यात आले. प्रजासत्ताक मोडत होते तेव्हा साम्राज्य वाढत होते. रुबिकॉन आणि ४७६ यांच्यात पाचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. ज्या लेखात या दोन्ही गोष्टी एकाच ऱ्हासाचे टप्पे म्हणून येतात, तो लेख तिथेच बाजूला ठेवावा.

अनुकरणातून आलेली साम्ये यादीतून वगळावीत. सीनेट (संसदेचे वरिष्ठ सभागृह) आणि कॅपिटॉल (संसद भवन) ही नावे अमेरिकेच्या संस्थापकांनी रोमकडून जाणीवपूर्वक उचलली, राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेले लेख ‘पब्लियस’ या रोमन नावाने छापले आणि वॉशिंग्टनची तुलना सिनसिनाटसशी, म्हणजे सत्ता सोडून शेताकडे परतलेल्या रोमन सेनानीशी, वॉशिंग्टनच्या समकालीनांनीच केली. या साम्यांवरून त्या पिढीने काय वाचले होते हे कळते. दोन्ही राज्ये एकाच वाटेने जात आहेत असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

खरी मेहनत पुढच्या पायरीवर आहे. साम्य दिसले की त्यामागे कोणती प्रक्रिया काम करत होती ते दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे मांडावे. चलनाचे उदाहरण घेऊ. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळी डिनेरियस हे नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने त्याचे वजन आणि कस दोन्ही घटवले. पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आणि त्याचा मुलगा कॅराकॅला यांनी सैनिकांचे पगार भरघोस वाढवले आणि नाण्यातले हीण वाढत गेले. इ.स. २६८ मध्ये सम्राट गॅलिएनस मारला गेला त्या सुमारास, डिनेरियसची जागा घेतलेल्या नाण्यात चांदी शेकडा पाचाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली होती. हातात घेतल्यावर ते चंदेरी मुलामा दिलेले तांब्याचे नाणे वाटे. पुढे राज्य स्वतःच धान्य आणि कापडाच्या रूपाने कर वसूल करण्याकडे वळले, आणि ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशनला वस्तूंच्या कमाल किमती ठरवणारे फर्मान काढावे लागले.

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, म्हणून डॉलरही त्याच मार्गाने चालला आहे, असे अनेकदा लिहिले जाते. येथे थांबून विचार करायला हवा. रोमकडे कायमस्वरूपी सार्वजनिक कर्जाची व्यवस्था नव्हती. कर आणि लूट अपुरी पडली की नाण्याचा कस कमी करणे हाच सोपा मार्ग उरे. अमेरिकेचे सरकार आपल्याच चलनात कर्जरोखे विकते आणि ते परदेशी सरकारेही विकत घेतात. रोमचा सर्वांत मोठा खर्च सैन्याचा होता. अमेरिकेत निवृत्तिवेतन आणि आरोग्य यांवरचा खर्च मोठा आहे, आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात निव्वळ व्याजाची रक्कम संरक्षणखर्चाच्याही वर गेली. म्हणजे ताण दोन्हीकडे आहे, पण तो वाहून नेणारी यंत्रणा निराळी आहे. माझ्या मते तुलनेतून मिळणारे खरे ज्ञान या फरकातच असते, आणि लेखात त्याला साम्याइतकीच जागा द्यायला हवी.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याची तक्रार या संदर्भात आपल्या जवळची आहे. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात, असे त्याने लिहिले आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर येथून भडोचला जाणाऱ्या मालाचा उल्लेखही आढळतो. या आकड्याची सांगड अमेरिकेच्या व्यापारी तुटीशी घालण्याचा मोह होतो. परंतु चैनीवर टीका करणाऱ्या लेखकाचा एक आकडा आणि दरमहा प्रसिद्ध होणारी सरकारी आकडेवारी या एकाच तोलाच्या नोंदी नव्हेत.

प्रश्न मित्रराष्ट्रांचा असेल, तर रोमपेक्षा अथेन्स अधिक उपयोगी ठरते. अथेन्सच्या नेतृत्वाखालील ग्रीक नगरराज्यांच्या संघातून इ.स.पू. ४६५ मध्ये थासोस बेट बाहेर पडू लागले, तेव्हा अथेन्सने वेढा घालून त्याची तटबंदी पाडायला लावली आणि जहाजे काढून घेतली. १९६६ मध्ये फ्रान्सने नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून अंग काढून घेतले, तेव्हा अमेरिकेने आपले सैनिक परत नेले. मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. १९५४ मध्ये ग्वातेमालाचे निवडून आलेले सरकार उलथवण्यात अमेरिकेचा हात होता, हेही त्याच परिच्छेदात लिहावे.

मजकूर हातावेगळा करण्यापूर्वी आपण दिलेले कारण पूर्व रोमन साम्राज्यावर तपासून पाहावे. हीणकस नाणी, उत्तराधिकाराची भांडणे, सीमेवरची आक्रमणे, ख्रिस्ती धर्माचा प्रसार यांपैकी बरेच काही पूर्वेलाही भोगावे लागले, तरी ते राज्य पश्चिमेनंतर सुमारे हजार वर्षे टिकले. म्हणून पश्चिमेच्या पतनाचे जे कारण आपण पुढे करू, त्याने पूर्वेचे टिकणेही समजावून दिले पाहिजे. इ.स. ४३९ मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतले कार्थेज शहर घेतले आणि तिथले धान्य व महसूल पश्चिमेच्या हातून गेला. पूर्वेकडे मात्र इजिप्त आणि सीरिया यांचे उत्पन्न त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे येत राहिले.