लंडनची वाहतूक संग्रहालये कशी पाहावीत

लंडनमध्ये वाहतुकीचा इतिहास एकाच छताखाली नाही. तो चार-पाच ठिकाणी विभागलेला आहे, म्हणून निघण्यापूर्वी क्रम ठरवून घ्यावा. माझ्या मते त्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न मनात ठेवावा: या वाहनात सामान्य माणूस कसा बसत होता? या प्रश्नामुळे इंजिनांच्या तांत्रिक तपशिलात न हरवता पाहणे सोपे जाते, आणि मुलेही रमतात.

सुरुवात कॉव्हेंट गार्डनमधील लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमपासून करावी. पूर्वीच्या फुलबाजाराच्या लोखंडी-काचेच्या इमारतीत ते १९८० पासून आहे. मोठ्यांच्या तिकिटावर वर्षभर पुन्हा पुन्हा प्रवेश मिळतो आणि मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे सारे एकाच दिवसात पाहण्याची घाई करू नये. तिकीट आधीच ऑनलाइन काढावे. कॉव्हेंट गार्डन स्थानकावर लिफ्टसाठी गर्दी असते आणि गोल जिन्याला १९३ पायऱ्या आहेत. सोबत वयस्कर माणसे असतील तर लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत जाणे बरे, कारण ही दोन स्थानके एकमेकांपासून जेमतेम पाव किलोमीटरवर आहेत.

आत गेल्यावर थेट लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर जावे आणि तेथून खाली उतरत यावे, कारण मांडणी काळाच्या क्रमाने आहे. वर घोड्यांच्या बसगाड्या आहेत. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला त्या परक्या वाटणार नाहीत. पुढे मेट्रोपॉलिटन रेल्वे या लंडनच्या भुयारी रेल्वे कंपनीचे १८६६ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले २३ क्रमांकाचे वाफेचे इंजिन येते. तिचीच जगातील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावल्यानंतर दहाच वर्षांनी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली, तीही कोळशावर. या इंजिनाच्या बाजूने पाण्याच्या टाक्यांकडे जाणारे जाड नळ नीट पाहावेत. बोगद्यात वापरलेली वाफ बाहेर न सोडता या नळांतून टाक्यांत नेऊन थंड करीत असत. धुराचा प्रश्न त्याने सुटला नाही, आणि प्रवासी ठसकतच प्रवास करीत राहिले.

त्यानंतरचा १८९० चा विजेच्या गाडीचा डबा या संग्रहालयातील माझी सर्वांत आवडती वस्तू आहे. जमिनीखाली पाहण्यासारखे काहीच नाही, असे मानून त्याला केवळ छताजवळ चिंचोळ्या फटींएवढ्या खिडक्या ठेवल्या होत्या, आणि समोरासमोरच्या लांब बाकांच्या पाठी गादी भरून जवळजवळ खिडक्यांपर्यंत चढवल्या होत्या. त्या काळी लोक त्याला ‘गादी लावलेली कोठडी’ म्हणत. बाहेरचे काही दिसत नसल्याने कोणते स्थानक आले, हे डब्यातील कर्मचारी ओरडून सांगत असे. या डब्यात डोकावून दोन मिनिटे शांत उभे राहावे.

तळमजल्यावर लाल दुमजली बसगाड्या आहेत. मागच्या उघड्या फलाटावरून चढायच्या रूटमास्टर बसचा लंडनच्या नेहमीच्या मार्गांवरील प्रवास डिसेंबर २००५ मध्ये संपला. भुयारी रेल्वेच्या नकाशापाशीही थांबावे. हॅरी बेक या आरेखकाने १९३१ मध्ये खरी अंतरे बाजूला ठेवून केवळ सरळ आणि तिरप्या रेषांत तो काढला. आधी तो नाकारला गेला आणि १९३३ मध्ये छापला गेला. आज मुंबई मेट्रोचा नकाशा आपण ज्या सवयीने वाचतो, ती सवय येथूनच आली.

दुपारी माउंट प्लेझंट येथील पोस्टल म्युझियममध्ये जावे. टपाल खात्याने १९२७ ते २००३ या काळात पॅडिंग्टन ते व्हाइटचॅपल अशी सुमारे साडेदहा किलोमीटरची, चालकाविना धावणारी भुयारी विद्युत रेल्वे केवळ टपालासाठी चालवली. तिच्या रुळांची रुंदी माथेरानच्या गाडीइतकीच, म्हणजे दोन फूट आहे. २०१७ पासून तिच्या एका भागात पर्यटकांना पंधरा मिनिटांची फेरी मिळते. फेरीची वेळ आधी राखून ठेवावी लागते. डबे फार बुटके आणि बंदिस्त आहेत, त्यामुळे कोंदट जागेची भीती वाटणाऱ्यांनी फेरी टाळून वरचे प्रदर्शन पाहावे.

दुसऱ्या दिवशी साउथ केन्सिंग्टनचे सायन्स म्युझियम पाहावे. प्रवेश विनामूल्य आहे. तेथे १८१३-१४ च्या सुमाराचे ‘पफिंग बिली’ हे जगातील सर्वांत जुने जतन केलेले वाफेचे रेल्वे इंजिन आहे. मात्र स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ हे प्रसिद्ध रेल्वे इंजिन आता लंडनमध्ये नाही, त्यासाठी येथे येऊ नये. ॲक्टन टाउन स्थानकाजवळील लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या कोठारात तीन लाखांहून अधिक वस्तू आहेत, पण ते वर्षातून ठरावीक दिवशीच उघडते. तारीख जुळली तर ही संधी मुळीच सोडू नये.

प्रवासासाठी प्रत्येकाने आपले वेगळे कॉन्टॅक्टलेस कार्ड ठेवावे, आणि आत जाताना व बाहेर पडताना तेच कार्ड टेकवावे, नाहीतर भाडे जास्त कापले जाते.

पहिल्या दिवशी पोस्टल म्युझियममधून निघाल्यावर फॅरिंग्डनपर्यंत चालत जावे आणि तेथून बेकर स्ट्रीटला जाणारी सर्कल किंवा हॅमरस्मिथ अँड सिटी मार्गाची गाडी पकडावी. मेट्रोपॉलिटन मार्गाची गाडी घेऊ नये, कारण ती बेकर स्ट्रीटला दुसऱ्या फलाटांवर लागते. फॅरिंग्डन ते बेकर स्ट्रीट हा १८६३ च्या मूळ मार्गाचाच भाग आहे. बेकर स्ट्रीटच्या पाच आणि सहा क्रमांकाच्या फलाटांवर विटांची जुनी कमान आणि भिंतींतील खोल कोनाडे अजून आहेत. सकाळी पाहिलेल्या इंजिनाच्या काळात याच कोनाड्यांतून वरच्या रस्त्यावरचा उजेड खाली येत असे आणि धूर वर जात असे.