थर्मोस्टॅट मागवायच्या आधी: कितीचा घ्यायचा, फॅन किती डिग्रीला लावायचा आणि काय काय तयार ठेवायचं

गाडी तापायला लागली की बरेच जण सरळ कमी डिग्रीचा थर्मोस्टॅट मागवतात, ८८ डिग्री सेल्सिअसचा होता ना मग ७१ चा टाकू, इंजिन गार राहील. तो बसवतात आणि तापमानाचा काटा परत वर जातोच, मग रेडिएटर, मग वॉटर पंप, असं एकेक पार्ट बदलत पैसे जात राहतात. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधीची तयारी सगळी एका जागी लिहितोय, लांबलंय जरा पण पार्ट मागवायचा असेल तर पूर्ण वाचा.

पहिली तयारी डोक्यातली. थर्मोस्टॅट इंजिन थंड करत नाही, तो इंजिनला गरजेपेक्षा गार पडू देत नाही, त्याचं काम तेवढंच. आत मेणाची छोटी डबी असते, ठराविक तापमानाला मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते आणि कूलंट (इंजिनात फिरून त्याची उष्णता वाहून नेणारं द्रव) रेडिएटरकडे जायला लागतं. एकदा झडप पूर्ण उघडली की ती ७१ ची असो नाहीतर ८८ ची, त्याच मापाची असेल तर तिच्यातून जाणारं कूलंट सारखंच, आता इंजिन किती तापणार ते रेडिएटर, पंप आणि फॅन ठरवणार. थोडक्यात खालची मर्यादा थर्मोस्टॅटच्या हातात आणि वरची रेडिएटर-फॅनच्या हातात. गाडी तापते ही वरच्या मर्यादेची तक्रार आहे, तिच्यावर खालची मर्यादा उतरवून इलाज होत नाही, फार तर काटा तिथपर्यंत पोचायला दोन मिनिटं जास्त लागतील.

आता कितीचा घ्यायचा. कंपनीने दिलाय तेवढ्याचाच, नव्वद टक्के वेळा उत्तर हेच. आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो, नाहीतर जुना काढल्यावर त्याच्यावर कोरलेला असतो, ८२, ८८, ९२ असा काहीतरी. परदेशी पार्टवर फॅरेनहाइट असेल तर १६० म्हणजे ७१, १८० म्हणजे ८२ आणि १९५ म्हणजे साधारण ९१ धरा. आणि हा आकडा झडप उघडायला सुरुवात होण्याचा असतो बरं का, पूर्ण उघडायला त्याच्यापुढे साधारण १० ते १५ डिग्री लागतात, त्यामुळे ८८ चा थर्मोस्टॅट असलेली गाडी ९२ ते ९८ च्या मध्ये चालत असेल तर ती तापत नाहीये, ती जशी चालायला हवी तशी चालतेय. हे माहीत नसल्यामुळे चांगले पार्ट बदलले जातात. काही नव्या गाड्यांत थर्मोस्टॅटला वायर जोडलेली असते, आत छोटा हीटर असतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) गरजेप्रमाणे तो लवकर उघडवतो, तिथे कोरलेला आकडा १०० च्या वर दिसला तरी घाबरू नका आणि त्याच्या जागी साधा टाकायच्या भानगडीत पडू नका.

कमीचा टाकल्याने नुकसान काय होतं ते पण सांगतो, कारण "गार राहिलं तर चांगलंच ना" हे फार ऐकू येतं. इंजिन पुरेसं गरम झालं नाही तर ईसीयूला वाटतं गाडी अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला हवं ते जात नाही, सिलिंडर जास्त झिजतात, केबिनचा हीटर कोमट हवा मारतो आणि बऱ्याच गाड्यांत पी०१२८ कोड (कूलंट पुरेसं तापत नाही असं सांगणारा) येऊन चेक इंजिन लाइट लागतो. ताकद वाढवायला ट्यून केलेलं, टर्बोच्या जास्त बूस्टचं इंजिन असेल आणि त्याचा मॅप (ईसीयूमधली सेटिंग) पण त्याप्रमाणे बदललेला असेल तर थोडा कमीचा थर्मोस्टॅट समजू शकतो, रोजच्या गाडीत नाही. आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून इंजिनातच परत जायची) वाट बंद करतो, तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, कूलंटचा एक भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत बसतो आणि गाडी आणखी तापते.

मग खरं दुखणं शोधायची तयारी करा. गाडी नक्की कधी तापते ते आठवून लिहून ठेवा. उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतला की काटा खाली येतो, तर आधी फॅन बघा, फ्यूज, रिले (फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मोटर, सेन्सर. उलट हायवेला वेगात किंवा चढावर तापते तर फॅनचा संबंध जवळपास नाही, त्या वेगाला समोरून येणारी हवाच पुरते, तिथे रेडिएटर आतून चोंदलाय का, पुढच्या जाळीत कचरा बसलाय का, पंप नीट ढकलतोय का, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय का हे बघायचं. काटा वर चढतच नाही, हायवेला तर अजून खाली पडतो आणि हीटर गरम होत नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, ही केस सगळ्यात सोपी. आणि कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंट कुठेही न गळता कमी होतंय, असं असेल तर थर्मोस्टॅटचा विचार बाजूला ठेवा आणि हेड गॅसकेट (इंजिन ब्लॉक आणि त्याच्यावरच्या हेडमधलं सील) तपासून घ्या.

मोजायला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे दाखवणारं यंत्र) घ्या, साधा ब्लूटूथवाला पण चालतो. बऱ्याच गाड्यांचा डॅशबोर्डचा काटा मुद्दाम असा सेट केलेला असतो की साधारण ८० ते १०० च्या मध्ये काहीही असलं तरी तो बरोब्बर मध्ये उभा राहतो, त्याच्यावर निर्णय घेऊ नका. स्कॅनरवर कूलंटचं लाइव्ह टेम्परेचर लावा, थंड इंजिनपासून सुरू करा, रेडिएटरच्या वरच्या पाइपला मधूनमधून हात लावून बघत रहा (पट्टा आणि फॅनपासून हात दूर), पाइप बराच वेळ कोमट राहून एकदम गरम झाला की त्या क्षणी स्क्रीनवर जो आकडा असेल तो साधारण तुमच्या थर्मोस्टॅटचा.

आता फॅन. फॅन ईसीयूच चालवत असेल तर तुम्हाला आकडे ठरवायचे नाहीयेत, फक्त तो चालू-बंद कधी होतो ते बघायचंय. पण जुनी गाडी असेल, वेगळा इलेक्ट्रिक फॅन बसवत असाल किंवा कंट्रोलर लावत असाल तर दोन आकडे लागतात, चालू व्हायचा आणि बंद व्हायचा, आणि दोघांत ५ ते १० डिग्रीचं अंतर हवं नाहीतर रिले सारखी टकटक करत जळेल. सेन्सर इंजिनच्या बाजूला, म्हणजे थर्मोस्टॅटजवळ असेल तर ८२ च्या थर्मोस्टॅटला फॅन ९५ ला चालू आणि ८८ ला बंद असा धरा, ८८ च्या थर्मोस्टॅटला १०० आणि ९३. बंद व्हायचा आकडा थर्मोस्टॅटच्या आकड्याखाली कधीच ठेवू नका, कारण तिथे झडप मिटते, इंजिनातलं कूलंट त्याच्या खाली उतरणारच नाही आणि फॅन तासन्‌तास फिरत राहील. सेन्सर रेडिएटरच्या खालच्या, गार बाजूला असेल तर हिशोबच वेगळा, तिथे पोचलेलं पाणी आधीच थंड झालेलं असतं, म्हणून तिथले स्विच कमी आकड्याचे येतात, ९२ ला चालू ८७ ला बंद असे. एका जागेचा आकडा दुसऱ्या जागी वापरला की सगळं बिघडतं, आणि गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. एसी लावला की फॅन तापमान न बघता चालू व्हायला हवा, ती वायर विसरू नका.

वायरिंगला कंजूषी नको. सुरू होताना मोटर चालू करंटच्या कितीतरी पट ओढते, त्यामुळे रिले हवाच, फ्यूज बॅटरीजवळ, वायर जाड आणि अर्थ स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर हवा इंजिनकडे ओढली पाहिजे, कागद जाळीवर धरून बघा, चिकटला तर बरोबर, उडाला तर वायरी उलट्या आहेत. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवलं असेल तर ते आधी परत लावा, त्याच्याशिवाय फॅन समोरच्या गोल भागातूनच हवा ओढतो, बाकी रेडिएटर तसाच.

सामान: गॅसकेट किंवा ओ-रिंग नवीन, गाडीला सांगितलेल्याच प्रकारचं कूलंट (रंग बघून घेऊ नका, रंगाला काही नियम नाही), डिस्टिल्ड वॉटर, पसरट भांडं, फनेल, दोन जादा क्लिप आणि शक्य असेल तर रेडिएटरची टोपी पण नवीन. टोपीला लोक किंमत देत नाहीत, पण अर्धं कूलंट अर्धं पाणी उघड्यावर साधारण १०७ ला उकळतं आणि १ बार दाब धरणाऱ्या चांगल्या टोपीखाली १२५ च्या पुढे, म्हणजे टोपी ढिली असेल तर बाकी सगळं ठीक असूनही उतू जाऊ शकतं. थर्मोस्टॅट नवीन आला तरी बसवायच्या आधी पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवून, तळाला न टेकवता, थर्मामीटर लावून गरम करून बघा, कितीला उघडायला लागतो आणि गार होताना पूर्ण मिटतो का.

काम थंड इंजिनवरच, गरम टोपी उघडली की उकळतं कूलंट तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही फॅन आपोआप फिरतो. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका, चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणं. मेणाची डबी इंजिनच्या बाजूला, थर्मोस्टॅटवर छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या टोकाला ठेवा, अडकलेली हवा तिथूनच सुटते. हाउसिंग (थर्मोस्टॅटवरचं झाकण) प्लॅस्टिकचं असेल तर बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (सांगितलेल्या जोरालाच) आवळा, जोर लावला की तडा गेलाच समजा.

भरताना हीटर फुल गरमवर, गाडीचं नाक थोडं वर, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) असेल तर तो उघडून बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओता. मग बॅटरी जोडून, टोपी लावून, स्कॅनर लावून एसी बंद ठेवून उभ्या गाडीत चालवा, फॅन दोनदा चालू-बंद होऊ द्या आणि चारही आकडे लिहून घ्या. हीटरमधून मध्येच गार हवा आली तर आत अजून हवा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर लेव्हल बघा, थोडी उतरलेली असते, तेवढी भरा, आणि आठवड्यानंतरही उतरतच असेल तर गळती शोधायला लागा.