पोसायडनची जन्मकथा मुलांना कशी सांगावी

भाचीला पोसायडनची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सागरदेवाची, गोष्ट सांगताना मी समुद्रापासून सुरुवात करत नाही. तुम्हीही करू नका. आधी बाप घ्या, क्रोनस. पोटचं पोरच आपली सत्ता घेईल या भीतीनं तो आपल्या बायकोची, रियाची, बाळं जन्मताच गिळायचा. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’ या काव्यात पोसायडनही गिळला जातो, त्याचा भाऊ झ्यूसच्या जागी मात्र दुपट्यात गुंडाळलेला दगड जातो. इथे थांबा, मुलांना विचारू द्या.

पुढे सगळी भावंडं क्रोनसच्या पोटातून बाहेर येतात. मग होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याचा 15वा सर्ग: तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या, झ्यूसला आकाश, हेडीसला पाताळ, याला समुद्र. म्हणजे तो जन्मानं सागरदेव नव्हताच! माझ्या मते गोष्टीचा गाभा हाच, तो घाईत उरकू नका.

मुलं मोठी असतील तर प्राचीन ग्रीक प्रवासलेखक पौसानियसनं नोंदवलेली, ग्रीसच्या आर्केडिया भागातली वेगळी कथा जोडा: रियानं बाळाला कोकरांच्या कळपात लपवलं आणि क्रोनसला शिंगरू गिळायला दिलं. पोसायडन घोड्यांचाही देव आहे, तेव्हा हे फार शोभतं.

शेवटी ग्रीसमधल्या पायलॉसच्या मातीच्या पाट्यांचं चित्र दाखवा, सुमारे 3200 वर्षांपूर्वीच्या. त्यांवरची ‘लिनिअर बी’ ही प्राचीन ग्रीक लिपी मायकेल व्हेंट्रिसनं 1952 साली उलगडली. त्या पाट्यांत ‘पो-से-दा-ओ’ असं पोसायडनचं नाव आहे. भाची ती अक्षरं बोटानं गिरवत बसते.